पाहिले, ऐकले की वाटले?

श्रोतेहो, मोखाड्याचा माणूस कामानिमित्त नाशकास गेला, की ओळखीचा दुकानदार आजही हटकून विचारतो, "काय हो, तुमच्याकडे त्या साधूंचे नेमके काय झाले?" आणि आपला गडी ऐटीत सांगू लागतो, जणू त्या रात्री तो तेथे हजरच होता! खरे पाहता मोखाडा आणि गडचिंचले यांच्यामध्ये जव्हार आणि विक्रमगड असे दोन तालुके आहेत. गाव डहाणू तालुक्यातले, पार दादरा-नगर हवेलीच्या बाजूचे. जिल्हा एक असला म्हणून आपण साक्षीदार होत नाही, बरे का.

काय घडले ते थोडक्यात सांगतो. १६ एप्रिल २०२० च्या रात्री गडचिंचल्यास दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक असे तिघे जमावाच्या हातून मारले गेले. टाळेबंदीचे दिवस, मुंबईहून ते सुरतेस एका अंत्यविधीला निघाले होते. त्याआधी त्या भागात कंड्या पिकल्या होत्या, की रात्री चोर फिरतात, मुले पळवणारे फिरतात, मूत्रपिंड काढणारेही फिरतात. दोनच दिवस आधी सारणी गावाकडे मदत वाटून परतणाऱ्या एका डॉक्टरांवर असाच हल्ला झाला होता.

आता पाहा, मूल पळवले म्हणता, तर कोणाचे? कोणत्या पाड्यावरचे? त्याच्या आईला कोणी भेटले का? आपल्या पाड्यावरची शेळी हरवली तरी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळते. मग मूल गेले तर त्याचे नाव कोणालाच ठाऊक नसावे? एवढा एक प्रश्न वेळेवर विचारला असता तर तीन जीव वाचण्याची आशा होती.

नंतर दुसरी लाट आली, ती बोलणाऱ्यांची. त्या रात्रीची चित्रफीत देशभर फिरली आणि हा प्रकार अमक्या धर्माच्या लोकांनी केला, असे हजारो जण छातीठोक सांगू लागले. पुरावा काय? तर म्हणे चित्रफितीत कोणी "शोएब, बस" असे ओरडते. मूळ शब्द होते "ओय, बस!" पण खाली आधीच "शोएब" लिहून ठेवले, की कानालाही शोएबच ऐकू येतो. आम्हा रेडिओवाल्यांना कानाची ही खोड चांगली ठाऊक आहे. आणि खरे सांगायचे तर, आपल्या मुलखातली हाक कशी असते हे ओळखायला दिल्लीच्या माणसापेक्षा इथला माणूस अधिक लायक. पण त्याला विचारतो कोण?

२२ एप्रिलला तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सांगितले, की पकडलेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही. यादीही बाहेर आली. मंत्री बोलले म्हणून खरे, असे मी म्हणत नाही. पण जो नावांची यादी देतो, तो आपल्या बोलण्याला तपासाची वाट ठेवतो. खोटे असेल तर उद्या त्याला पकडता येते. "सगळ्यांना ठाऊक आहे" म्हणणाऱ्याला कुठे पकडाल?

दहा जण तेच सांगतात म्हणून ते दहापट खरे होत नाही. दहाही जणांनी एकाच ठिकाणाहून उचलले असेल, तर साक्षीदार एकच, आणि तोही कदाचित मुळात नव्हताच. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या मजकुरावर कधी कधी दोन बाणांची खूण दिसते. किमान पाच वेळा तो हातोहात पुढे गेला आहे, एवढाच तिचा अर्थ. कोणी तपासला आहे, असा नव्हे.

चित्रफितीचेही शेपूट पाहावे. २०१८ साली मूल पळवण्याची एक चित्रफीत देशभर फिरत होती. ती होती कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी मुद्दाम बनवलेली. शेवटी मोटारसायकलवाले मूल परत आणून देतात आणि फलक दाखवतात. नेमका तेवढाच भाग कापून टाकलेला! त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागायला आलेले.

मोबाइल आला म्हणून हे झाले, असे कोणी म्हणेल. मग तलवाड्याचे काय?  ऑक्टोबर १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांच्या नावाने खोटा निरोप पाड्यापाड्यांत गेला, वारली जमले, आणि पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसे गेली. त्या निरोपाला ना बाण होते, ना चित्र. तो माणसाच्या तोंडूनच गेला होता.

शिक्षक बंधुभगिनींनो, फळ्यावर तीन रकाने आखा: पाहिले, ऐकले, वाटले. मग गावात चालू असलेली कोणतीही बातमी घ्या. बिबट्याची घ्या, पुलाची घ्या. मुलांना एकेक वाक्य योग्य रकान्यात घालायला सांगा, वारलीत सांगू देत, कोकणीत सांगू देत. बहुतेक वेळा पहिला रकाना रिकामा राहतो आणि पोरे एकमेकांकडे बघत बसतात. तेव्हा घाई करू नका. बिबट्या खरोखर कोणी पाहिला होता, हे शोधायला त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत वेळ द्या.