मळ्यांत उरलेलं रान: वालपाराईच्या पंचवीस वर्षांचा मागोवा

तमिळनाडूतल्या अण्णामलाई डोंगरांच्या मधोमध वालपाराईचं पठार आहे. क्षेत्रफळ सुमारे २२० चौरस किलोमीटर. चहूबाजूंना नावाजलेली जंगलं: अण्णामलाई व्याघ्र प्रकल्प, केरळातलं परांबिकुलम, वाझाचाल, इरविकुलम. पठारावर मात्र चहा आणि कॉफीचे मळे, मजुरांच्या घरांच्या लाइनी आणि एक गजबजलेलं बाजाराचं गाव. एका बाजूच्या जंगलातून दुसऱ्या बाजूला जाणाऱ्या हत्तीची वाट या मळ्यांतूनच जाते. गेल्या पाव शतकात वन्यजीव रक्षणाबद्दल आपल्या देशाने जे शिकावं असं बरंच काही या पठारावर घडलं. राखीव वनाच्या हद्दीबाहेर, खाजगी कंपन्यांच्या जमिनीवर घडलं म्हणूनच मला ते जास्त मोलाचं वाटतं.

या डोंगरांचा मुंबईशी जुना संबंध आहे. मुंबईच्या गोदीत जहाजं बांधायला लागणाऱ्या सागासाठी अण्णामलाईची जंगलं तोडली गेली. १८४८ मध्ये जेम्स मायकेल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याची या लाकूडपुरवठ्यावर नेमणूक झाली होती. तिथल्या ‘टॉप स्लिप’ या ठिकाणाचं नावही ओंडके उतारावरून खाली सोडण्याच्या त्या काळातलंच. सागाची तोड पायथ्याच्या बाजूला होती. वरच्या सदाहरित वर्षावनावर कुऱ्हाड पडली ती पुढे, १८९० नंतर, चहा-कॉफीच्या लागवडीसाठी. घाटात एका वळणावर कार्व्हर मार्श या मळेवाल्याचा पुतळा अजून उभा आहे. तीन-चार दशकांत पठाराचा चेहरा बदलला. मुडीस भागातले मळे तर मुंबईच्याच बॉम्बे बर्मा कंपनीचे. एवढ्या तोडीनंतर उरले ते वर्षावनाचे चाळीसेक तुकडे. कुठे चढ फार होता म्हणून, कुठे सरपणासाठी, कुठे वेलदोड्याला सावली हवी म्हणून ते राहिले. काही एका हेक्टरपेक्षाही लहान, काही शे-दोनशे हेक्टरचे.

१९९० च्या दशकापर्यंत या तुकड्यांकडे अभ्यासकही उरलंसुरलं म्हणूनच पाहत. त्या दशकाच्या सुरुवातीला रघुपती कण्णन यांनी अण्णामलाईत महाधनेशाच्या विणीचा अभ्यास केला. अजित कुमार आणि मेवा सिंग यांच्यासारख्यांनी सिंहपुच्छ वानरांवर काम केलं. त्यातून एक गोष्ट पुढे आली: रान तुटकं असलं तरी ओसाड नव्हतं. १९९६ मध्ये म्हैसूरला नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन ही संस्था उभी राहिली. तिच्यातल्या दिव्या मुडप्पा आणि टी. आर. शंकर रामन या जोडप्याने वालपाराईलाच मुक्काम ठोकला. एखादा प्रकल्प संपवून निघून जाण्याऐवजी ही माणसं तिथे राहिली. पुढचं जे काही जमलं, त्याचं मुख्य कारण मला हेच दिसतं.

२००० नंतर त्यांनी रान दुरुस्त करायला घेतलं. तुकड्यांमधली मोठी झाडं तुटलेली, मोकळ्या जागी घाणेरी, रानमोडी आणि मिकॅनियाच्या वेलीने जमीन झाकलेली. त्या जाळीखाली मूळ झाडांचं बी रुजत नव्हतं. आणि रुजायला बी तरी येणार कुठून? शेजारचं सलग जंगल दूर, मधे चहा. वर्षावनातल्या पुष्कळ झाडांचं बी साठवून ठेवता येत नाही. सुकलं की मेलं. म्हणून रस्त्याच्या कडेला पडलेलं, उदमांजराच्या विष्ठेतून निघालेलं बी गोळा करून लगेच रोपवाटिकेत लावायचं, पिशवीत रोप वर्ष-दोन वर्षं सांभाळायचं, मग पावसाळा लागला की तण काढलेल्या जागी नेऊन लावायचं. कलेनिया, धूप, नागचाफा, रानजायफळ, रानफणस, जांभळाच्या कुळातली झाडं: दीडशेहून अधिक जातींची रोपं या वाटिकेत तयार झाली. ‘वृक्षारोपण’ म्हणून आपल्याकडे रस्त्याकडेला एकाच जातीच्या झाडांची रांग लावतात, त्याच्याशी या कामाचं काही नातं नाही. इथे प्रत्येक जागेला कोणती झाडं शोभतात ते आधी पाहावं लागतं, आणि लावून झाल्यावर वर्षानुवर्षं तण काढत राहावं लागतं.

जमीन कंपन्यांची होती, त्यामुळे पॅरी अॅग्रो, टाटा कॉफी अशा कंपन्यांशी करार करून त्यांच्या मळ्यांतले तुकडे राखले गेले. २०१९ मध्ये आनंद ओसुरी आणि सहकाऱ्यांनी या कामाचा हिशेब मांडला. नुसत्या राखलेल्या, आपोआप भरून येण्यासाठी सोडलेल्या जागांपेक्षा रोपं लावलेल्या जागा झाडांची छाया, जातींची विविधता आणि साठलेला कार्बन या सगळ्यांत पुढे होत्या. जुन्या, अभंग वर्षावनाच्या मात्र त्या अजून बऱ्याच मागे होत्या. म्हणजे रान परत येतं, पण एका माणसाच्या आयुष्यात पुरतं येत नाही. शिवाय एवढ्या वर्षांत दुरुस्त झालेली जमीन शंभरेक हेक्टर, आणि पठार आहे बावीस हजार हेक्टरचं. हा आकडा कुणाला नाउमेद करील. मला त्यातून दिसतं ते हे, की उभं रान वाचवणं रान पुन्हा लावण्यापेक्षा कित्येक पटींनी स्वस्त आहे.

हत्तींची गोष्ट यापेक्षा तातडीची होती, कारण तिथे माणसं मरत होती. १९९४ ते २०१२ या काळात पठारावर हत्तींशी गाठ पडून ३९ माणसं गेली. एम. आनंद कुमार यांनी २००२ पासून हत्तींच्या कळपांचा माग ठेवला आणि प्रत्येक मृत्यू कसा झाला याची चौकशी केली. बहुतेक ठिकाणी कारण एकच निघालं: पुढे हत्ती आहे हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. संध्याकाळी बस उतरून अंधारात, धुक्यात लाइनीकडे चालत निघालेला मजूर आणि वळणावर उभा हत्ती. हत्ती दिवसा नाडु आर आणि शोलयार नद्यांच्या काठच्या झाडोऱ्यात थांबतात, अंधार पडला की मळ्यांतून फिरतात. माणसांचीही घरी परतायची वेळ तीच.

उपाय याच निदानातून निघाला. हत्ती हाकलायचे नाहीत, खंदक खणायचे नाहीत. ते कुठे आहेत एवढं लोकांना वेळेवर सांगायचं. आधी स्थानिक केबल टीव्हीवर संध्याकाळी पट्टी धावू लागली. २०११ पासून मोबाइलवर संदेश जाऊ लागले: अमुक मळ्यात, अमुक क्षेत्रात आज हत्ती आहेत. मोक्याच्या जागी उंच खांबांवर लाल दिवे बसले. हत्ती जवळपास असले की ते लुकलुकतात, आणि फोन करून ते लावण्याचं काम गावातलीच नेमलेली माणसं करतात. मृत्यू कमी झाले. २०१५ मध्ये आनंद कुमारांना व्हिटली पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा मला मोठी वाटते ती या उपायामागची दृष्टी. मजुराच्या जिवाची काळजी आधी केली, म्हणून हत्तीबद्दलचा राग ओसरला. आपल्या कोकणातल्या दोडामार्गात २००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती आले. तेव्हापासून तिथल्या केळी, माड, भातशेतीचं नुकसान आणि माणसांचे मृत्यू पाहिले, की वाटतं, वालपाराईकडून घेण्यासारखं काही असेल तर हे. दोडामार्गात शेतकऱ्याचं स्वतःचं पीक जातं, वालपाराईच्या मजुराचं जात नाही. हा फरक लहान नाही. तरी हत्ती आज कुठे आहे हे दर संध्याकाळी घराघरात कळणं कुठेही शक्य आहे.

सिंहपुच्छ वानरांचा अनुभव गुंतागुंतीचा आहे. वालपाराई गावाला लागून पुदुतोट्टम नावाचा रानाचा तुकडा आहे, जेमतेम ९२ हेक्टरांचा. १९९० च्या दशकात तिथे तीस-चाळीस वानरं होती, आता दीडशेच्या वर आहेत. संख्या वाढली म्हणून हर्ष व्हावा, पण कारण पाहिलं की मन थबकतं. त्यांना तिथून बाहेर पडायला वाटच नाही. झाडावरून झाडावर जाणारा हा प्राणी फांद्यांचं छत तुटल्यामुळे जमिनीवर उतरला, रस्त्यावर वाहनांखाली सापडू लागला, मग घरांच्या कौलांवर आणि स्वयंपाकघरांत शिरू लागला. रस्त्यावरून आडवे झुलते पूल टांगले गेले. ते वानरं वापरतात. रस्त्यावर नजर ठेवायला स्थानिक राखणदार नेमले गेले, तेही कामाला आले. घरात शिरणाऱ्या वानरावर मात्र अजून समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही.

इतर निष्कर्ष थोडक्यात सांगतो. कॉफीवर फक्त सिल्व्हर ओकची सावली ठेवण्यापेक्षा मूळ झाडांची मिश्र सावली ठेवली तर पक्ष्यांच्या कितीतरी जाती मळ्यात टिकतात. महाधनेश मळ्यांतल्या जुन्या झाडांच्या ढोलीतही वीण करतो, झाड राहू दिलं तर. लहान नखांचं पाणमांजर चहातल्या ओढ्यांत फिरतं, काठावरचा झाडोरा राखला तर. रोबस्टा कॉफी स्वतःच रानात घुसून मूळ रोपांची जागा घेते, हेही इथेच नीट अभ्यासलं गेलं. पलीकडे वाझाचालात कादर आदिवासी धनेशांची घरटी राखतात. ज्यांचे पूर्वज घरट्यांतली पिल्लं काढून नेत, त्यांचंच ज्ञान आज राखणीला उपयोगी पडतं आहे.

पठार आता पुन्हा बदलतं आहे. तमिळ मजुरांची पुढची पिढी कोइम्बतूर, तिरुप्पूरला गेली. पानं खुडायला आसाम, झारखंड, बंगालमधून कुटुंबं येतात. त्यांना या डोंगराची ओळख नाही, भाषा वेगळी, घरं तीच जुन्या लाइनीतली. बिबटे इथे पूर्वीपासून आहेत आणि त्यांचं भक्ष्य बहुतांश रानातलंच, हे विष्ठेच्या अभ्यासातून दिसलं होतं. तरी जून २०२५ मध्ये झारखंडहून आलेल्या एका मजूर कुटुंबातली लहान मुलगी घराजवळून बिबट्याने नेली. बिबट्याला पिंजऱ्यात पकडून हा प्रश्न सुटणार नाही. लाइनीच्या मागे उजेड हवा, घराला लागून शौचालय हवं, दारापर्यंत आलेली चहाची झुडपं मागे हटवायला हवीत, मुलांना आईबाप कामावर असताना पाळणाघर हवं, आणि सूचना हिंदी, बंगाली, असमियातून जायला हव्यात. यातलं निम्म्याहून अधिक काम वन खात्याचं नाही, मळ्याच्या व्यवस्थापनाचं आहे.