एपिजेनेटिक्स आणि मनःस्वास्थ्य : गैरसमज आणि वस्तुस्थिती

यकृताच्या आणि मेंदूच्या पेशीत डीएनए एकच असतो, तरी दोघींची कामे निराळी. कोणते जनुक कुठे चालू राहील आणि कुठे बंद, हे ठरवण्यात डीएनएवर व त्याभोवतीच्या प्रथिनांवर असलेल्या रासायनिक खुणांचा मोठा वाटा असतो. त्यांतली सर्वाधिक अभ्यासली गेलेली खूण म्हणजे मिथाइल गट. या खुणांचा अभ्यास म्हणजे एपिजेनेटिक्स.

गैरसमज : ताणामुळे जनुकेच बदलतात.
वस्तुस्थिती : डीएनएमधील अक्षरांचा क्रम तसाच राहतो, बदलते ते जनुक किती वापरले जाते याचे प्रमाण. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील मायकेल मीनी आणि मोशे झिफ यांच्या गटाने २००४ मध्ये उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. काही माद्या पिलांना भरपूर चाटतात, काही कमी. कमी चाटल्या गेलेल्या पिलांच्या मेंदूत ताण-संप्रेरकाच्या ग्राहीच्या जनुकावर मिथाइल गट जास्त आढळले. त्यामुळे ते जनुक कमी वापरले जाते आणि संप्रेरकाचा संदेश टिपणारे ग्राही कमी तयार होतात, म्हणून मोठेपणी ताण उशिरा ओसरतो. पिले दुसऱ्या मादीकडे सोपवल्यावर खुणा उमटल्या त्या सांभाळणाऱ्या मादीप्रमाणे, जन्मदात्रीप्रमाणे नव्हे.

गैरसमज : एकदा उमटलेली खूण म्हणजे विधिलिखित.
वस्तुस्थिती : काही खुणा दीर्घकाळ टिकतात. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समधील दुष्काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या एका जनुकावर साठ वर्षांनंतरही त्यांच्या भावंडांपेक्षा कमी मिथाइल गट सापडले. पण मॅकगिलच्याच प्रयोगात प्रौढ उंदरांच्या मेंदूत औषध सोडल्यावर खुणा बदलल्या आणि ताणाची प्रतिक्रियाही सुधारली. माणसासाठी तो उपचार नाही. खूण बदलू शकते, एवढे मात्र त्यातून दिसले.

गैरसमज : आजी-आजोबांचे आघात जनुकांतून नातवंडांत उतरतातच.
वस्तुस्थिती : बीजपेशी घडताना आणि फलनानंतर बहुतेक मिथाइल खुणा पुसल्या जातात. ज्यूंच्या वंशसंहारातून वाचलेल्या ३२ जणांच्या व त्यांच्या २२ मुलांच्या रक्तात ताणाशी संबंधित जनुकावर फरक आढळले, पण नमुना लहान होता. गर्भावस्था, संगोपन आणि घरातले वातावरण यांचा वाटा त्यातून वेगळा काढता येत नाही.

गैरसमज : रक्त तपासून नैराश्य ओळखता येते.
वस्तुस्थिती : रक्तपेशी आणि मेंदूपेशी यांवरील खुणा सारख्या नसतात. म्हणूनच बालपणीच्या छळाचा परिणाम शोधणाऱ्या २००९ च्या अभ्यासाला आत्महत्या केलेल्यांच्या मेंदूचे नमुने लागले. नैराश्याचे निदान आजही तज्ज्ञाने रुग्णाशी बोलून, लक्षणे तपासूनच केले जाते.

गैरसमज : मुलाच्या मानसिक आजाराला आईचे वागणेच जबाबदार.
वस्तुस्थिती : मानसिक आजारामागे अनेक जनुके, परिस्थिती आणि आयुष्यातील घटना एकत्र असतात. उंदरांच्या प्रयोगावरून कोणत्याही आईला दोषी ठरवणे अशास्त्रीय आणि अन्यायाचे आहे.

नैराश्य आणि चिंताविकार यांवर समुपदेशन व औषधे यांचा उपयोग होतो; त्यासाठी कोणाच्याही जनुकांवरील खुणा तपासाव्या लागत नाहीत. मन खचले असेल, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते.