पाणी एकरांचें कीं माणसांचें ?

ज्याची जमीन मोठी त्याचें पाणी मोठें, हा समज आम्हां शेतकऱ्यांत इतका मुरलेला आहे कीं, त्यांत अन्याय आहे असें आम्हांस सहसा वाटत नाहीं. ओढ्यावरील बांध सार्वजनिक पैशानें व मजुरांच्या घामानें उभा राहतो. परंतु पाणी जातें तें ज्याची विहीर त्याखालीं असेल त्याच्या उंसास. बांध घालणाऱ्या भूमिहीनाच्या वांट्यास काय येतें ? त्या दिवसाची मजुरी !

पुणें जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यांतील नायगांवीं ह्या प्रश्नाचें निराळें उत्तर शोधण्यांत आलें, तें वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें. १९७२ च्या दुष्काळांत पुण्याचे कारखानदार कै. विलासराव साळुंखे ह्यांचें लक्ष ह्या अवर्षणग्रस्त भागाकडे वेधलें. त्यांनीं देवस्थानची सुमारें ४० एकर उजाड जमीन खंडानें घेतली, उतारावर ताली घातल्या, खालीं पाझर तलाव व विहीर केली, आणि तेंच पाणी उपसून वरच्या शेतांस दिलें.

पुढें ह्यांतूनच पाणी पंचायत निघाली. तिचे नियम थोडे, पण मूलगामी आहेत. पाणी एकट्यादुकट्यास नव्हे, गटास द्यावयाचें. वांटा एकरांवर नव्हे, माणसांवर : माणशीं अर्धा एकर भिजेल इतकें, व कुटुंबास अधिकांत अधिक अडीच एकरांपुरतें. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिजबरोबर जात नाहीं. उंसासारख्या तहानलेल्या पिकास मनाई. योजनेच्या खर्चाचा पांचवा हिस्सा शेतकऱ्यांनीं स्वतः भरावा. आणि भूमिहीनासही वांटा ! तो दुसऱ्याची जमीन वांट्यानें करून आपलें पाणी तिला देऊं शकतो.

मोठे बागाईतदार म्हणतील, "विहीर आम्हीं खणली, मग पाणी आमचें कां नव्हे ?" खणण्याचा खर्च त्यांचा, हें आम्हांस मान्य आहे, पण विहिरींत उतरणारा पाझर साऱ्या शिवाराचा असतो. पाऊस सात-बारा पाहून पडत नाहीं.

अशा सर्वच योजना टिकल्या असें नाहीं. २००२ सालीं साळुंखे निवर्तले. विजेचें बिल, पंपाची दुरुस्ती व आपसांतील तंटे हे एकीची परीक्षा पाहतातच. तथापि शेजाऱ्याची बाजरी करपत असतां आपला ऊंस डोलावा, ह्यास सुख म्हणावयाचें काय ? आमची सूचना इतकीच : ज्या गांवीं नवा बंधारा होईल, तेथील ग्रामसभेनें आधीं माणसें मोजावीं, मग एकर.