जुन्या मोटारीस नवे एंजिन : गिअरबॉक्सची निवड

मुंबईतील कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यातून बाहेर पडणारी फियाट ११०० आणि तिचेच पुढील रूप असलेली ‘पद्मिनी’ ही महाराष्ट्रातील कित्येक कुटुंबांची पहिली मोटार होय. तिचे १०८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल एंजिन सुमारे ४० अश्वशक्तीचे असून गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकाखाली असे. या जातीच्या टॅक्सींची मुंबईतील मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. तथापि हौसेने जतन केलेल्या खासगी गाड्या अद्यापि आहेत, आणि त्यांचे एंजिन झिजले म्हणजे मालकापुढे प्रश्न उभा राहतो : दुसऱ्या जातीचे एंजिन बसविल्यास जुनाच गिअरबॉक्स त्यास चालेल काय?

या प्रश्नाचे उत्तर कारखान्यांनीच आपल्या कृतीने देऊन ठेवले आहे. १९८५ च्या सुमारास याच प्रीमियर कंपनीने ‘११८ एनई’ या गाडीसाठी फियाट १२४ च्या धर्तीचा सांगाडा घेऊन त्यात निसानचे ११७१ घन सेंटिमीटरचे एंजिन बसविले, तेव्हा गिअरबॉक्सही निसानचाच योजिला. १९९२ च्या सुमारास अ‍ॅम्बॅसडरमध्ये इसुझूचे १८१७ घन सेंटिमीटरचे एंजिन आले, तेही स्वतःचा पाच गतींचा गिअरबॉक्स बरोबर घेऊन. जुना गिअरबॉक्स ठेवल्याने पैसा वाचला असता. तरीही ज्यांच्यापाशी सर्व आराखडे व मोजमापे होती, त्यांनी तो ठेवला नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

याचे कारण टॉर्क, म्हणजे एंजिन क्रँकशाफ्टला जो पीळ देते त्याचा जोर, हे आहे. बाजारात एंजिनाची थोरवी अश्वशक्तीत सांगितली जाते. परंतु गिअरबॉक्सच्या दात्यांवर भार पडतो तो टॉर्कचा. समजा, एक पेट्रोल एंजिन मिनिटाला ४८०० फेऱ्यांवर ४० अश्वशक्ती देते. त्या वेळी त्याचा टॉर्क सुमारे ६ किलोग्रॅम-मीटर असतो. दुसरे एखादे एंजिन तितकीच अश्वशक्ती २४०० फेऱ्यांवर देत असेल, तर त्याचा टॉर्क सुमारे १२ किलोग्रॅम-मीटर होईल. अश्वशक्ती तीच, दात्यांवरील भार मात्र दुप्पट! डिझेल एंजिने सामान्यतः या दुसऱ्या प्रकारात मोडतात. शिवाय त्यांच्यात हवेचे संपीडन अधिक असल्यामुळे प्रत्येक स्फोटाचा हादरा गिअरबॉक्सपर्यंत पोहोचतो. म्हणून ‘अश्वशक्ती सारखीच आहे, काही बिघडत नाही’ या मिस्त्रीच्या आश्वासनावर विसंबणे धोक्याचे आहे.

लखनौच्या महानगर वसाहतीसारख्या सपाट प्रदेशात फिरणाऱ्या गाडीत ही चूक काही काळ झाकून राहते. खोपोलीहून खंडाळ्याचा घाट चढताना ती झाकत नाही. तेथे खालच्या गिअरमध्ये टॉर्क तिपटी-चौपटीने वाढून पुढे जातो, तेल तापते, आणि दुबळा दाता तुटतो तो अशाच वेळी. दाता तुटला म्हणजे चाकांचा एंजिनाशी असलेला संबंधच सुटू शकतो. मग उतारावर एंजिनाच्या रोधाचा आधार राहत नाही आणि सारी भिस्त जुन्या ड्रमच्या ब्रेकांवर येऊन पडते.

यानंतर वेगाचा हिशेब करावा. तो सोपा आहे, पण तो फारच थोडे लोक करतात. चाकाच्या एका फेरीत गाडी १.८५ मीटर पुढे जाते असे धरू. ताशी १०० किलोमीटर वेगास चाकाच्या मिनिटाला सुमारे ९०० फेऱ्या होतात. मागील आसाचे गुणोत्तर ४.३ असेल आणि वरच्या गिअरमध्ये गती सरळ जात असेल, तर एंजिनाला सुमारे ३८७० फेऱ्या घ्याव्या लागतील. पेट्रोल एंजिन हे सहन करील. पण ज्या डिझेल एंजिनाची मर्यादाच ४००० च्या आसपास आहे, ते सारा वेळ आपल्या शेवटच्या दमावर धावेल. ०.८ गुणोत्तराचा पाचवा गिअर असल्यास हाच आकडा ३१०० वर येतो. सारांश, गिअरबॉक्स निवडताना मागील आसाचे गुणोत्तर जवळ मांडून ठेवावे, आणि तो आस व त्याचे अर्धदंड नवा टॉर्क पेलतील की नाही हेही पाहावे.

एंजिन कोणत्या गाडीतून काढले आहे, यासही महत्त्व आहे. मारुती ८०० मध्ये एंजिन आडवे बसे व पुढची चाके फिरवी. ७९६ घन सेंटिमीटरचे त्याच कुळातील एंजिन ओम्नीत उभे बसून मागची चाके फिरवी. पद्मिनीसारख्या मागील चाकांच्या गाडीस पहिलीचा गिअरबॉक्स निरुपयोगी. दुसरीच्या जातीचाच पाहिजे.

आता जोडणी. दोन वेगळ्या जातींचे एंजिन व गिअरबॉक्स मधे पोलादी पट्टी घालून जोडता येतात. परंतु बोल्ट बसले म्हणजे काम झाले असे नव्हे. क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या पुढील दांड्याचा मध्य एका रेषेत असावे लागतात. त्यांत मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांहून अधिक फरक पडला, तर बेअरिंग लवकर झिजते आणि गिअर आपोआप निसटू लागतो. ही तपासणी फ्लायव्हीलवर डायल गेज बसवूनच करावी, नजरेने नव्हे. त्या दांड्याचे टोक ज्या पायलट बेअरिंगमध्ये टेकते, तेही मापाचे असले पाहिजे. क्लचच्या बाबतीत येथे एक युक्ती उपयोगी पडते : दाबतबकडी एंजिनाच्या फ्लायव्हीलप्रमाणे घ्यावी, आणि क्लचप्लेटच्या मध्याच्या खाचा गिअरबॉक्सच्या दांड्याप्रमाणे असाव्यात. दोन्हींचा व्यास अर्थातच एक हवा.

नवा गिअरबॉक्स लांब असल्यास प्रोपेलर शाफ्ट आखूड करावा लागतो. आखूड केलेला शाफ्ट पुन्हा संतुलित करून घेतला नाही, तर ठरावीक वेगावर सारी गाडी थरथरते. त्याच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांतील कोन समान राहतील अशा बेताने गिअरबॉक्सचा मागचा आधार बसवावा. सुकाणूखालचा दांडा जाऊन तो जमिनीवर आला, की मधल्या बैठकीची सोय जाते. कुटुंबातील मंडळींना हे आधीच सांगून ठेवणे बरे! वेगमापकाची केबलही नव्या गिअरबॉक्सशी जुळवून घ्यावी, नाहीतर काटा खोटा वेग दाखवितो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये एंजिनात असा फेरफार करण्यापूर्वी नोंदणी अधिकाऱ्याची संमती घ्यावी लागते. ती हाती येईपर्यंत एंजिन खरेदी करू नये, आणि एंजिन घ्यावयाचे तेव्हा त्याच गाडीतून निघालेला गिअरबॉक्स, बेलहाउसिंग व क्लचसह एकत्र मागावा. सुटे एंजिन स्वस्तात पडते खरे, पण उरलेले भाग जुळवताना ती बचत बहुधा लेथवर खर्ची पडते.