दोन सायकली

सायकल पाहिली नाही असा माणूस आता खेड्यातही सापडायचा नाही. पण विजेची सायकल? ती पुष्कळांनी नुसती लांबून पाहिली आहे.

आमच्या घरी दोन्ही आहेत. एक काळी, दांडीची, तीस वर्षांची जुनी. दुसरी बॅटरीवर चालणारी. तिला तीन वर्षे झाली. आम्ही दोन्हींवर बसतो. लोक विचारतात, "गुरुजी, यांतली चांगली कोणती?" याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. म्हणून जरा बसून सांगतो.

प्रथम साधी सायकल घ्या. तिला ताकद कोण देते? आपले पाय. पायडल फिरले की साखळी फिरते, साखळीने मागचे चाक फिरते. सपाट रस्त्यावर माणूस बेताने सायकल मारतो, तेव्हा त्याच्या पायांची ताकद 75 ते 100 वॉट भरते. आपल्या घरी पूर्वी पिवळा, शंभराचा बल्ब असे ना? तो बल्ब जेवढी वीज खाई, तेवढीच ही ताकद. एवढ्याशा ताकदीत माणूस चालण्याच्या तिप्पट वेगाने जातो. सायकलीची खरी करामत ही आहे.

पण चढ लागला की काय होते, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

आता विजेची सायकल. ती दिसायला सायकलच आहे. तिला पायडल आहे, साखळी आहे, घंटी आहे. मात्र मागच्या चाकाच्या मध्यावर एक डब्यासारखी मोटर बसवलेली असते. दांडीत किंवा कॅरियरखाली बॅटरी असते. पायडलपाशी एक लहानसे यंत्र असते. पायडल फिरू लागले, की ते मोटरला खबर देते. मग मोटर चाकाला जोर देते. आपण पायडल थांबवले, की मोटरही थांबते. ब्रेक दाबला तरी थांबते. काही सायकलींना हाताने पिळायची मूठही असते. ती पिळली, की पाय न हलवता गाडी चालते.

आपल्या देशातल्या नियमाप्रमाणे अशा सायकलीची मोटर 250 वॉटपर्यंतचीच असावी लागते. मोटरचा जोर ताशी 25 किलोमीटरच्या आत बंद झाला पाहिजे. एवढे पाळले, तर तिला लायसन लागत नाही, नंबराची पाटी लागत नाही. त्याहून मोठी मोटर असेल तर ती सायकल नव्हे. तिला सगळे कागद लागतात. विकणारा काही सांगो, कागदावर वॉटचा आकडा आपण स्वतः वाचून पाहावा. आता वाचता येते ना?

250 वॉट म्हणजे किती? आपल्या पायांच्या अडीचपट. म्हणजे आपण सायकल मारतो आहोत, आणि मागून दोन धट्टेकट्टे गडी ढकलत आहेत. असेच अगदी वाटते.

आमच्या गावापासून बाजाराचे गाव नऊ किलोमीटर. मध्ये खिंड. नोकरीत होतो तोवर ती खिंड आम्ही काळ्या सायकलीवर चढलो. साठी ओलांडली आणि उजवा गुडघा बोलू लागला. पुढे पुढे तर सायकल कोनाड्याच्या भिंतीला टेकून राहिली. बाजाराला जायचे, तर कोणाच्या तरी मोटरसायकलीच्या मागे बसायचे. "अरे बाळ, बाजारात निघालास का?" असे म्हणत चौकात उभे राहायचे. ज्यांना आम्ही पाढे शिकवले, त्यांची वाट पाहायची. पोरे चांगली. कोणी नाही म्हणाले नाही. पण मनाला लागत असे. दोन वर्षे अशी गेली.

मग मुलाने विजेची सायकल आणून दिली.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. आम्ही ओट्यापाशी थांबलो होतो. एक पाय जमिनीवर, दुसरा पायडलवर. सवयीने पायडलवर भार दिला. पायडल जरासे फिरले आणि गाडी पुढे उसळली. समोर उकिरडा होता म्हणून हाडे शाबूत राहिली. तेव्हापासून नियम केला. थांबलो की दोन्ही बोटे ब्रेकवर. चढताना-उतरताना मोटर बंद.

दुसऱ्या दिवशी खिंड चढलो. बसूनच चढलो. उतरावे लागले नाही. माथ्यावर थांबून पाणी प्यालो. गुडघा गप्प होता.

आता काही जण म्हणतील, की यात व्यायाम कुठला? आम्हालाही तसेच वाटे. पण पायडल मारतच जावे लागते. छाती फुलते, घाम येतो, फक्त दम तुटत नाही. युरोपातल्या सात शहरांतल्या लोकांची एक पाहणी 2019 साली प्रसिद्ध झाली. तीत असे दिसले, की विजेची सायकल वापरणाऱ्यांची आठवड्याची मेहनत साध्या सायकलवाल्यांच्या बरोबरीची भरते. कारण उघड आहे. त्यांचे पल्ले लांबचे असतात. मात्र नुसती मूठ पिळून बसणाऱ्याला यातले काही मिळत नाही. त्याने सरळ स्कूटर घ्यावी.

आरामाचे म्हणाल, तर एक गोष्ट दोन्ही सायकलींना सारखीच लागू आहे. ती म्हणजे सीटची उंची. आपल्याकडे सीट फार खाली ठेवतात, पाय जमिनीला पुरावे म्हणून. त्याने गुडघा दुमडलेलाच राहतो आणि दुखतो. सीटवर बसा. पायडल अगदी खाली न्या. त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवलेत, की गुडघा किंचितच वाकेल. आमच्या काळ्या सायकलीची सीट आम्ही तीस वर्षे दोन बोटे खाली ठेवली होती. हे उशिरा कळले. सीट वर केली आणि सपाट रस्त्यावर तीही पुन्हा सोसू लागली. म्हणून आज दोन्ही वापरात आहेत.

काळीचे गुण वेगळे आहेत. तिची स्प्रिंगांची चामड्याची सीट खड्ड्यात धक्का खाते, आपल्याला देत नाही. पंक्चर झाले तर गावातला पोरगा पाच मिनिटांत काढतो. ओढ्याच्या पाण्यातून नेली तरी तक्रार नाही. विजेच्या सायकलीच्या मागच्या चाकात वायर असते. ते चाक सोडवायला आमचा पंक्चरवाला पहिल्यांदा भ्यालाच होता. बॅटरी वाटेत संपली तर पायडल मारून घरी येता येते, पण मोटरीचे आणि बॅटरीचे वजन तेव्हा चांगलेच कळते. शिवाय किंमत. साध्या सायकलीच्या चार-पाचपट पैसे पडतात.

वीज मात्र थोडी लागते. आमच्या बॅटरीला एकदा पुरी चार्ज करायला अर्ध्या युनिटाहूनही कमी. पायडल मारत गेलो तर तेवढ्यात बाजाराच्या जाऊन-येऊन दीड खेपा होतात.

बॅटरीची काळजी घ्यावी लागते, आणि यात हयगय नको. चार्जर तिचाच वापरावा, दुसऱ्याचा नाही. चार्जिंगला लावून रात्री झोपी जाऊ नये. गवताच्या गंजीपाशी, गोठ्यात, अंथरुणापाशी लावू नये. उन्हात तापून आली असेल, तर निवू द्यावी, मग लावावी. पडून चेपली, फुगली किंवा वास आला, तर तिला हात लावणे बंद. ती उघडून पाहायची नाही. या बॅटरीला आग लागली तर घर जळते. ही भीती खोटी नाही.

आता लोकांचे सांगतो. गुडघ्याहून जास्त त्रास त्यांनीच दिला.

आमच्या लहानपणी लग्नात सायकल मिळाली तर नवरदेव मिरवीत असे. मास्तर सायकलीवरून आले, की पोरे हँडल धरायला धावत. पुढे मोटरसायकली आल्या. मग सायकलवाला म्हणजे ज्याचे काही जमले नाही असा माणूस, असे झाले. विजेची सायकल आणली तेव्हा पारावर एकाने म्हटले, "गुरुजी, म्हातारपण आलं वाटतं." दुसरा म्हणाला, "एवढे पैसे घातले आणि पुन्हा सायकलच?" एकदा खिंडीत शहरातले तरुण भेटले. रंगीत कपडे, डोक्यावर टोप, हलक्या सायकली. त्यांतला एक हसून म्हणाला, "काका, ही तर फसवणूक झाली." आम्ही हसलो. पण घरी येईपर्यंत तो शब्द डोक्यात राहिला. कोणाची फसवणूक? आम्ही काही शर्यतीत नव्हतो. बाजारातून बी-बियाणे आणायला निघालो होतो.

हसणे तसे सायकलीइतकेच जुने आहे. 1817 साली जर्मनीत द्रायस नावाच्या गृहस्थाने लाकडी दुचाकी केली. तिला पायडल नव्हते. जमिनीवर पाय मारत जायचे. ती इंग्लंडात गेली, तेव्हा तिच्यावर बसणाऱ्यांची टिंगल करणारी चित्रे निघाली. साखळीने मागचे चाक फिरवणारी, आजच्यासारखी सायकल 1885 च्या सुमारास आली. हवेचा टायर 1888 साली. आणि पायाला मोटरने साथ देणारी सायकल जपानात 1993 साली विक्रीला आली.

आमच्या शेजारच्या वहिनी वस्तीवरच्या अंगणवाडीत मदतनीस आहेत. रोज साडेतीन किलोमीटर चालत जातात, तितक्याच येतात. त्यांच्या मुलाने त्यांना विजेची सायकल घेऊन दिली. ती महिनाभर गोठ्यात पोत्याखाली होती. आम्ही विचारले, तर म्हणाल्या, "भाऊजी, या वयात बाईमाणसानं सायकल मारायची? लोक काय म्हणतील?"

तेव्हा आम्ही त्यांना तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्याची गोष्ट सांगितली. 1991 पासून तिथे साक्षरतेची मोठी मोहीम चालली. जिल्ह्याच्या कलेक्टर शीला राणी चुंकत या बाईच होत्या. बायांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवायची असे ठरले. लोक हसले, वाईटसाईट बोलले. तरी लाखाच्या वर बाया सायकल शिकल्या. शेतमजूर होत्या, खाणीत दगड फोडणाऱ्या होत्या, गावच्या आरोग्य नर्स होत्या. पुष्कळ जणी पुरुषांची दांडीची सायकल चालवीत, कारण दांडीवर मूल बसवता येई. पाणी आणणे, माल बाजारात नेणे, मुलाला शाळेत पोचवणे, यासाठी बसची आणि घरधन्याची वाट पाहणे सुटले.

वहिनी काही बोलल्या नाहीत. पण चार दिवसांनी पहाटे मळ्याच्या वाटेवर सायकल दिसली. मुलगा मागून धरून चालला होता. मोटर बंद ठेवली होती, हे त्याने शहाणपणाचे केले. आधी तोल शिकावा, मग मोटर लावावी. साडी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळीही बसवून घेतली होती. तीन आठवड्यांनी त्या अंगणवाडीत सायकलीवर गेल्या. पारावरून कोणीतरी म्हणाले, "आता काय बाबा, गाडीवाली बाई!" वहिनींनी घंटी वाजवली, वाट सोडा म्हणून.

आता तोच पाराचा माणूस अधूनमधून ओट्याशी येऊन बसतो. सायकलीकडे बघतो. बॅटरी किती दिवस टिकते, विचारतो. आम्ही सांगतो, की पाचशे-सातशे वेळा चार्ज केल्यावर तिचा दम कमी होत जातो, आणि नवीला पैसे बरेच लागतात. त्याचाही गुडघा दुखतो, असे त्याच्या मुलाने आम्हाला सांगितले आहे. तो स्वतः बोलत नाही.

उद्या मंगळवार, बाजाराचा दिवस. खिंडीतून जायचे आहे, तेव्हा विजेची काढू. परवा सोसायटीत जायचे, तो रस्ता सपाट आहे. त्यासाठी काळीत हवा मारून ठेवली आहे.