बर्फात अडकलेली गाडी आणि बंद काचा

पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी ७ जानेवारी २०२२ च्या रात्री प्रचंड बर्फ पडला आणि बर्फ बघायला आलेल्या पर्यटकांच्या गाड्या घाटरस्त्यांवर जागच्या जागी अडकल्या. अनेक जण गाडीतच झोपी गेले. सकाळपर्यंत किमान २२ जण दगावले होते, त्यांत १० मुलं होती. मृत्यूंमागे दोन कारणं सांगितली गेली, थंडी आणि इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड. थंडीची धास्ती सगळ्यांनाच असते. या वायूची मात्र फार थोड्यांना असते.

इंजिनात इंधन पुरतं जळलं नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. एरवी तो सायलेन्सरमधून मागे निघून जातो. पण बर्फ साचून सायलेन्सरचं तोंड बुजलं, की धूर गाडीखाली कोंडतो आणि तळाच्या फटींतून आत शिरतो. या वायूला रंग नाही, वास नाही, त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो, म्हणून श्वास चालू असूनही मेंदूला ऑक्सिजन पुरत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. डोंगरात माणूस याचा दोष वळणांना किंवा विरळ हवेला देतो आणि डोळे मिटून पडतो. हा समज जीवघेणा आहे. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरमुळे आपल्याकडे जे मृत्यू होतात, त्यांच्यामागेही बहुधा हाच वायू असतो.

डिसेंबर आला की महाराष्ट्रातली असंख्य कुटुंबं मनाली, गुलमर्ग, गंगटोकची वाट धरतात. डिसेंबर २०१८ मध्ये सिक्कीममधल्या नाथू ला भागात सुमारे अडीच हजार पर्यटक बर्फात अडकले. लष्कराच्या जवानांनी त्यांना आपल्या बराकींत आसरा दिला, म्हणून ते वाचले. मदत इतकी जवळ नेहमीच असेल असं नाही. त्यामुळे टॅक्सी ठरवतानाच गाडीत फावडं, दोर आणि जाड ब्लँकेटं आहेत का, हे विचारायला संकोच करू नये. टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नये. साध्या डिझेलमधलं मेण कडाक्याच्या थंडीत गोठून फिल्टर तुंबतो. म्हणूनच इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं डिझेल आणलं. थंडीत मोबाइलची बॅटरीही झपाट्याने उतरते, त्यामुळे फोन आणि पॉवर बँक अंगालगतच्या खिशात ठेवावेत. रोजची औषधं डिकीतल्या बॅगेत न टाकता हाताशी असावीत.

अडकलातच, तर गाडी सोडून चालत निघू नका. हिमवर्षावात गाडी शोधणाऱ्यांना सापडते, एकटा माणूस सापडत नाही. इंजिन सुरू करण्याआधी दर वेळी खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा. तासाला दहाएक मिनिटंच इंजिन चालवा आणि वारा येत नसेल त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. एकाने तरी जागं राहायचंच. शेगडी किंवा निखारे आत घ्यायचे नाहीत. दारू तर नकोच. तिने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब आल्यासारखी वाटते, पण शरीरातली उष्णता बाहेर निघून जाते. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरलं की धोका सुरू होतो. कुडकुडणारा माणूस अचानक कुडकुडायचा थांबला आणि असंबद्ध बोलू लागला, तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका. त्याचे ओले कपडे बदलून त्याला ब्लँकेटात गुंडाळा.

गाडीतल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखू लागलं, तर इंजिन बंद करून सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा. दवाखान्यात पोचल्यावर, इंजिन चालू असलेल्या बंद गाडीत किती वेळ बसलो होतो, हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांनी भरलेल्या हिमोग्लोबिनमधला फरक कळत नाही. तो ९८ टक्के दाखवत असतानाही माणूस मरणाच्या दारात असू शकतो. खरं निदान रक्ताच्या तपासणीतच होतं आणि शुद्ध ऑक्सिजन मात्र त्या अहवालाची वाट न पाहता लगेच सुरू करावा लागतो.