‘लायलॅक’ म्हणजे नेमका कोणता रंग? नाव परदेशी, पण नातं आपल्या ‘निळ्या’शी

साडी, कुर्ता किंवा मोबाइलचं कव्हर ऑनलाइन शोधताना ‘लायलॅक’ हा रंग हमखास दिसतो. फिकट जांभळा, किंचित गुलाबीकडे झुकणारा. दुकानात त्यालाच कुणी लॅव्हेंडर म्हणतं. गंमत म्हणजे वेबसाइट बनवताना वापरल्या जाणाऱ्या सीएसएसच्या ठरलेल्या रंगनामांत लॅव्हेंडर, प्लम, ऑर्किड आहेत, लायलॅक नाही. तेव्हा ऑर्डर देताना नावापेक्षा फोटो पाहिलेला बरा.

शब्द आला कुठून?

मूळ संस्कृत ‘नील’. तो फारसीत पोहोचला, त्यावरून ‘नीलक’ म्हणजे निळसर, आणि पुढे ‘लीलक’. तिथून अरबी, स्पॅनिश, फ्रेंच असा प्रवास करत तो इंग्रजीत गेला. ‘न’चा ‘ल’ कसा झाला, याचं मराठी माणसाला नवल वाटू नये. कडुनिंबाचा कडुलिंब आपणही केलाच आहे!

रंगाला नाव देणारं झुडूप ‘सिरिंगा व्हल्गॅरिस’ मूळचं युरोपातल्या बाल्कन डोंगरांतलं. सोळाव्या शतकात ते इस्तंबूलच्या बागांतून व्हिएन्नाला गेलं. ऑस्ट्रियाचा राजदूत बुसबेक याला त्याचं श्रेय दिलं जातं. मोगरा, जाई, पारिजातक हे त्याच्याच कुळातले, त्यामुळे त्याच्या सुगंधाचं कौतुक आपल्याला समजायला हरकत नाही.

मग कुंडीत लावायचं का?

पुण्या-मुंबईत नकोच. फुलण्याआधी या झुडपाच्या कळ्यांना कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते. हिवाळ्यात ती मिळाली नाही, तर पानं येतात, फुलं येत नाहीत. भारतात त्याची एक जातभगिनी आहे, पण ती काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या उंचावर.

रोप घेताना खरी अडचण नावाची आहे. इंग्रजीत ‘इंडियन लायलॅक’ म्हणजे चक्क आपला कडुनिंब. ‘पर्शियन लायलॅक’ हे नाव सिरिंगाच्या एका संकराला आहे, तसंच बकाणा निंबालाही. बकाण्याची फुलं फिकट जांभळी आणि सुवासिक असतात, म्हणून हे नाव. पण त्याची फळं विषारी आहेत. घरात लहान मूल किंवा कुत्रा असेल, तर नर्सरीत शास्त्रीय नाव विचाराच. ‘सिरिंगा’ असेल तर तो लायलॅक, ‘मेलिया’ असेल तर बकाणा.